सारजे, तू सोडलेलं वानर

सारजे, काल तुही तेरवी झाली. वांग्याच्या भाजीत मिरची जास्त पडली अन् अख्खी पंगत नाक पुसत जेवली. पाहणाऱ्याले वाटावं, काय जीव होता बाप्पा लोकाईचा सारजेवर! मले माहीत आहे, ते मिरचीचं पाणी होतं. मी चुलीपाशी, मले रडाले सवड कुठी? आज बाडीत आली, तू लावलेल्या वांग्याच्या वाफ्यापाशी बसली, अन् मंग थांबलंच नाही. म्हणून अठी बोलून राहिली तुह्याशी. घरात बोलली असती तं म्हणाले असते, थोरल्या जावेचं डोकं फिरलं.

काल पंगतीत काय झालं ते तुले सांगाचं आहे. पाटलानं वानराचं एक पिल्लू धरून आणलं होतं. चार दिवसाआधीच तो घरी सांगून गेला होता, सारजेनं मारोतीचा अपराध केला, म्हणून ती गेली. आता तिच्या नवऱ्यानं आपल्या हातानं ह्या पिल्लाच्या गळ्यात चांदीची साखळी घालावी अन् देवळात बांधावं, तेव्हा तिच्या जिवाले गती भेटन. तीच साखळी वं, तुह्या त्या वानरासाठी केलेली. अन् तुहा नवरा, आपला म्हादू, तेव्हापासून हो म्हणे ना नाही म्हणे. मले त्याचंच भेव होतं. कारण तुह्या गतीसाठी तो विहिरीतही उडी टाकन, हे मले माहीत होतं.

पण असं मधूनच सांगून कसं चालन? तू म्हणशीन, बाई, तुमाले धड गोष्ट सांगता येत नाही. पहिल्यापासून सांगतो, ऐक.

तू नवी नवरी होती. पातूरच्या लेण्यांकडची पोरगी, उन्हानं रापलेली, अन् डोळे असे की सासूलेही दबकत नव्हते. शनिवार होता. मी दर शनिवारसारखी परातीत गूळ-फुटाणे घेऊन अंगणात गेली, वानराईले द्याले. अन् तू मागून येऊन परात ओढली माह्या हातातून!

"बाई, त्याईले गूळ नका देऊ. पोट फुगते त्याईचं. झाडपाल्याचं पोट आहे ते."

"काहून वं? मारोतीले गूळ चालते अन् वानराले नाही चालत?"

"मारोतीचं पोट दगडाचं आहे, बाई."

अवं, सासू हसली, माहे मालक हसले, म्हादूसुदिक मिशीत हसला. मी मात्र जळून कोळसा झाली. आल्या आल्या मले शिकवते? त्या दिवशी मी तुले भाकर वाढली ती पाठ करून. आपलं भांडण तेव्हापासूनचं. मिठावरून भांडलो, मुळ्याच्या जुड्या लहान बांधल्या का मोठ्या त्याच्यावरून भांडलो, पण वानरावरून भांडलो तेवढं कशावरूनच नाही.

लेण्यांच्या खडकावर वानराईचे कळप बसत, तुहं लहानपण त्याईच्या शेजारात गेलं. तुह्या बापाची रीत होती म्हणे: शेजाऱ्याशी वागावं तसं वागाचं, त्याच्या ताटात हात घालाचा नाही अन् आपल्या ताटात त्याचा येऊ द्याचा नाही. त्याच्या डोळ्यात डोळे घालून पाहाचं नाही. दात काढून हसाचं नाही, त्याले वाटते हा चावाले आला. हातात खाणं घेऊन फिराचं नाही. अन् पळाचं तं मुळीच नाही. मी म्हटलं, एवढे नेम तं सोवळ्यातल्या सासूचेही नसतात.

मंग कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापार कुठी लढाई लागली अन् आपल्या वावरातल्या बोंडाले सोन्याचा भाव आला, असं कसं होते ते मले अजून समजलं नाही. रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्याच बंड्या. अकोल्याहून अमरावतीच्या बाजारापर्यंत कापूस उडत जाय अन् बाभळीच्या काट्याले लटकत राहे. लोकाईनं जवारी सोडली, तूर सोडली, पार बांधाच्या धुऱ्यापर्यंत कापसाची पऱ्हाटीच पऱ्हाटी. आपल्यासारखे माळी तेवढे भेंडी-वांगी लावत राहिले, अन् बंडीवाले आपल्या बाडीपाशी थांबून भाजी नेत, तेव्हा आपलेही दिवस बरे होते. बैलाईच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या आल्या. शनिवारच्या फुटाण्याचे लाडू झाले. पाटलानं तं एकदा जिलबी टाकली वानराईपुढे. घरात पैसा आला की माणसाले दाखवाले कोणीतरी लागते, अन् माणसं पाहून पाहून थकली होती.

वानरंही माजले. पोट्ट्याईच्या हातातली भाकर ओढू लागले. अन् एक दिवस मलेच बोचकारलं, आठवते? मी मालकाची शिदोरी घेऊन चालली होती. टोपलं सोडाचं सोडून मी ओढाओढ केली, मूर्खासारखी. मनगटावरून रक्त निघालं. घरी आली तं बाया म्हणे मिरची भरा, कोणी म्हणे चुना भरा. तू सगळ्याईले बाजूले केलं, मले ओढत विहिरीवर नेलं अन् रिठ्याच्या फेसानं माहा हात धुवाले लागली. धूत राहिली, धूतच राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी सोडे ना. मी तुले शिव्या घातल्या. "कातडी काढतं काय वं माही?" तं तू म्हणे, "काढीन. पण विष आत जाऊ देणार नाही. पिसाळलेल्या जनावरानं चावलेलं माणूस म्या पाह्यलं आहे. तुमाले तसं पाहाचं नाही मले." अन् तुहे डोळे भरून आले होते. मी तेव्हा वरून म्हटलं, रिठे वाया घातले. पण सारजे, माह्या आईनंतर माहा हात असा कोणी धरला नव्हता. आज सांगतो.

त्याच वर्सी धुऱ्यावरची चिंच तोडली पाटलानं. सावलीत कापसाची एक ओळ नीट येत नव्हती म्हणे. एका ओळीसाठी एवढी जुनी चिंच! त्या चिंचेवर वानराईचा रातचा मुक्काम असे. फांद्या तोडू लागले तेव्हा कळप पळाला, पण एक मादी शेंड्यावर राहिली, अन् झाडासंगं खाली आली. पडली ती हाललीच नाही.

मंग काय! मारोतीचा देह म्हटल्यावर गाव गोळा झालं. आपल्याकडे वानर मेलं की माणसासारखं पोहोचवतात, ते काही नवं नाही. पण त्या वर्सी कापसाचा पैसा होता. तिरडीले झेंडूचे हार, गुलाल, टाळ, मृदंग. वानराले बसतं करून बांधलं, कपाळाले शेंदूर लावला. ज्यानं कुऱ्हाड चालवली तोच सगळ्यात मोठ्यानं रडून राहिला होता. म्हादू पुढच्या खांद्याले. मी अन् तू बायाईत मागं. मीही डोळे पुसून राहिली होती, खोटं काहून बोलू? तेवढ्यात एका म्हातारीनं गंगेचं पाणी काढलं, वानराच्या तोंडात घालाले.

अन् तू बोंबलली. गावात सुनेले एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी कोणी ऐकलं नव्हतं.

"पाणी नका टाकू! नरड्यात गेलं तं मरन ते!"

म्हातारी म्हणे, "मेलेलं आणखी काय मरन वं?"

"मेलं नाही. पोट पाहा त्याचं."

कोणी पाहून राहिलं नव्हतं. तू पदर खोचला, एका बंडीवरची घोंगडी ओढली, अन् वानराच्या डोक्यावरून टाकली. तिरडीवरच्या देवाले घोंगडी! पाटील लाल झाला. पण घोंगडीखाली हालचाल झाली. सगळ्याईले दिसली. टाळ थांबले. तू म्हादूले म्हटलं, "दोरी सोडा. हात मधात घालू नका. घोंगडीसकट उचला, पाठीकडून." अन् त्यानं उचललं. एवढे लोकं पाहून राहिले होते, पण त्यानं कोणाच्या तोंडाकडे पाह्यलं नाही.

आपल्या कोठ्यातली ढोरं तू बाहेर बांधली. कापसाचं मोठं डालं उलटं करून त्याच्याखाली वानर, वरून घोंगडी, कोठ्याचं दार लोटलेलं. मी म्हटलं, अंधारात काहून ठेवतं, जीव घाबरन त्याचा. तू म्हणे, "आपल्याले पाहूनच घाबरते ते. दिसलं नाही की शांत राहते." खरंच राहिलं. तू त्याच चिंचेचा पाला आणून टाके, उंबराचा टाके, पाण्याचं गाडगं वेगळं ठेवलं अन् आपल्या भांड्यात मिसळू दिलं नाही. माह्या नातवाले खोकला होता, त्याले तिकडे फिरकू देत नव्हती. म्हणे, आपलं दुखणं त्याले लागन अन् त्याचं आपल्याले. मी एकदा फटीतून डोकावली अन् "काय वं माय, कसं आहे?" एवढंच म्हटलं, तं मले बाहेर ओढली. "बोलू नका तिच्यासंगं! माणसाच्या आवाजाची सवय लागली तं उद्या गोफणवाल्यासमोर जाऊन बसन." तिचा एक हात लोंबत होता. मी हळदीचा लेप कालवला, बांबूच्या कामट्या आणल्या. तू म्हणे, बांधून काही होणार नाही, ती चावून फेकन, अन् बांधाले गेलो तं भीतीनंच मरन. मी म्हटलं, तू एकटीच शहाणी. लेप मग मी माह्या गुडघ्याले लावला.

अन् तिकडे गावात वेगळंच शिजून राहिलं होतं. लोकाईनं काय ठरवलं? की वानर मेलंच होतं. तिरडीवर मारोती जागा झाला! आपल्या गावात! आता देऊळ मोठं बांधाचं, जत्रा भरवाची, अन् ह्या जागृत देवाले देवळात ठेवाचं, चांदीच्या साखळीनं. पाटलानं अकोल्याच्या सोनाराले साखळी सांगूनही टाकली. वानराची तब्येत कशी आहे, हे विचाराले एक माणूस आला नाही. साखळी केव्हा येते, हे मात्र पोट्ट्याईलेही माहीत होतं.

तेव्हा आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. ते अजून मिटलं नाही, सारजे, अन् आता मिटणारही नाही.

मी म्हटलं, "साखळी तं साखळी. खाले भेटन, हात बसन. रानात तीन पायांवर किती दिवस काढन ते?"

"तिचे लोकं कोठ्यासमोरच्या त्या निंबावर बसून आहेत, बाई. सकाळ-संध्याकाळ खाकरून राहिले. ते निघून गेले तं तिले कोण घेईन?"

"म्हणून लुळा हात घेऊन सोडतं? कुत्रे फाडतीन तिले."

"फाडतीनही."

"मंग?"

"मंग काय? साखळी उद्या येऊन राहिली."

असं बोलली तू, अन् भाकरी थापाले बसली. मी रागानं जेवली नाही. रात्रभर तू उपाशी ठेवलं म्हणून तुह्याच नावानं बोटं मोडली. पण पहाटे तुह्या मागं कोठ्यात आली मी, ते काही तू बोलावलं म्हणून नाही. मले पाहाचं होतं. दार उघडून आपण तिघं डाल्याच्या मागच्या बाजूले उभे राहिलो, म्हादूनं निंबाकडची बाजू उचलली. ती निघाली. तीन पायांवर, वाकडी. निंबावर चढताना घसरली, अन् माह्या तोंडून "अगं माय" निघालं. तू माहा दंड धरला. मंग वरून कोणीतरी खाकरलं, अन् ती चढली. पाल्यात गेली. झालं.

ती जगली का मेली, तुले माहीत नव्हतं, मले माहीत नाही. मी अजूनही म्हणतो, हात बसू द्याले पाहिजे होता. अन् अजूनही समजत नाही, कसा बसू दिला असता.

पाटील वाजत गाजत आला तं रिकामं डालं. म्हणे, सारजेनं देव घरातून हाकलला. नदीवर बायाईनं तोंडं फिरवली. तू दिवसभर हसून दाखवलं, "बरं झालं, धुणं निवांत होते." पण मी तुले ह्याच वाफ्यात पाह्यलं होतं, वांग्याच्या झाडाआड, पदर तोंडात कोंबून. मी जवळ बसली तं तू म्हणे, "बाई, मले वाटलं होतं, ती जगली म्हणून लोकाईले आनंद होईन." एवढंच म्हणे तू. मी पाटलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठी तू हसली.

मंग तुले ताप आला. ताप तं घरोघर होता त्या हंगामात, पाटलाचा गडीही गेला. त्यानं कोणता देव सोडला होता? पण नाव झालं तुहं. मारोतीचा कोप म्हणे. मी चार बायाईत उभी राहून भांडली, पण लोकाईच्या तोंडाले हात कोण लावन?

तापात तू मले विचारलं, "बाई, तुमी म्हणत होत्या तेच खरं होतं काय वं? घाई झाली काय माही?" मी तुह्या कपाळावरची पट्टी बदलली अन् म्हटलं, "तू बरी हो, मंग भांडू." तू मान हलवली. कबूल केल्यासारखी. अन् असा धोका दिला मले.

तं काल. पंगत बसली. पाटील मधोमध. त्याच्या माणसानं टोपल्यातलं पिल्लू आणलं, कमरेले सुतळी बांधलेलं. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता. त्याची माय आपल्या कौलावरून इकडून तिकडे पळून राहिली होती, कौलं खाली पडून राहिली होती. जेवणारे पत्रावळी घेऊन सरकत होते. पाटलानं साखळी म्हादूच्या हातात दिली. म्हणे, "घाल बावा, तिच्या जिवाले मोकळं कर."

मी चुलीपासून उठली. हातात झारा होता. मी ठरवलंच होतं, आज भर पंगतीत बोलीन, मंग घरातून काढलं तरी चालन.

पण म्हादूच बोलला. म्हणे, "नाही."

पाटलाले वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. "काय नाही?"

"वानर बांधाचं नाही."

साखळी त्यानं पाटलाच्या पत्रावळीपाशी ठेवली, भातावर लागू नये म्हणून जरा बाजूले. खांद्यावरची घोंगडी घेतली, पिल्लावर टाकली, पाठीकडून उचललं. एक शब्द बोलला नाही त्याच्यासंगं, चुचकारलं नाही, काही नाही. भिंतीपाशी नेऊन ठेवलं, सुतळी विळ्यानं कापली, घोंगडी ओढली अन् मागं मागं सरकत आला. त्याची माय कौलावरून उतरली, त्याले पोटाशी लावलं अन् गेली. पंगतीत कोणी घास उचलला नव्हता.

पाटील म्हणे, "म्हादू, मेलेल्या बायकोसाठी देवाले नाराज करतं?"

म्हादूनं घोंगडी झटकली. म्हणे, "देव नाराज झाला तं त्याचे पाय धरीन, पाटील. तो अठीच आहे. ती नाराज झाली तं मी कोणाजवळ जाऊ?"

हे ऐकाले तू पाहिजे होती, सारजे.